मागोमे ते त्सुमागो : किसो खोऱ्यातला एक दिवस

टोकियो, क्योटो, ओसाका अशी सहल करून आलेल्या माणसाला जपानमधलं खेडं कसं असतं असं विचारलं, तर बहुतेक वेळा शिंकान्सेनच्या (बुलेट ट्रेनच्या) खिडकीतून पळणारी भातशेती आणि करड्या कौलांची घरं एवढंच तो सांगू शकतो. ताशी २८५ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून याहून जास्त दिसणं शक्यही नाही. त्यापुढे जायचं असेल तर हाताशी एक मोकळा दिवस, पायांत बरे बूट आणि सोबत त्या भागाचा माहीतगार हवा. या तिन्हींचं चीज करणारी एक वाट आहे. किसो खोऱ्यातल्या मागोमे गावाहून निघून, एक खिंड ओलांडून त्सुमागोला उतरणारी, सुमारे ८ किलोमीटरची.

ही वाट नाकासेन्दो या जुन्या महामार्गाचा तुकडा आहे. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या वर्षांत, शोगुनच्या, म्हणजे देशाचा प्रत्यक्ष कारभार चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशाच्या, एदो शहरातून (आजचं टोकियो) पाच सरकारी रस्ते निघत. त्यांतले दोन क्योटोला पोचत. तोकाइदो समुद्राच्या कडेने जायचा, नाकासेन्दो डोंगरांतून. नाकासेन्दोची लांबी सुमारे ५३० किलोमीटर आणि वाटेत मुक्कामाची ६९ ठाणी. त्सुमागो हे बेचाळिसावं, मागोमे त्रेचाळिसावं. चढउतार जास्त असूनही पुष्कळ प्रवासी हाच रस्ता पसंत करत, कारण तोकाइदोवर मोठ्या नद्यांना पूर आला की दिवसेंदिवस काठावर बसून राहावं लागे. क्योटोची राजकन्या काझुनोमिया १८६१ मध्ये शोगुन इएमोचीशी लग्न करायला एदोला निघाली, ती याच वाटेने, हजारो माणसांचा लवाजमा घेऊन.

इतक्या लोकांची सोय कोण करत होतं? ठाण्याची गावं. सरकारी वाहतुकीसाठी तोकाइदोवरच्या प्रत्येक ठाण्याने १०० माणसं आणि १०० घोडे तयार ठेवायचे, नाकासेन्दोवर ५० आणि ५०, असा नियम होता. किसो खोऱ्यातल्या अकरा ठाण्यांना मात्र २५ माणसं आणि २५ घोड्यांची सवलत होती, कारण या अरुंद दरीत तेवढ्यांना पोसण्याइतकी शेतीच नव्हती. दरी प्रत्यक्ष चालल्यावर हा आकडा लगेच पटतो. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये नदी, आणि जिथे जरा सपाटी तिथे हाताएवढी खाचरं.

आता वाटाड्याबद्दल. या वाटेवर हरवण्याची भीती नाही. फाट्याफाट्यावर इंग्रजी पाट्या आहेत आणि वाट ठळक आहे. मग पैसे देऊन माणूस सोबत कशाला घ्यायचा, हा रास्त प्रश्न आहे. उत्तर असं, की या वाटेवर जे बघण्यासारखं आहे त्यातल्या बऱ्याच गोष्टी पाटीवर मावत नाहीत. छपरावर दगड का ठेवलेत, गावात शिरताना रस्ता दोनदा काटकोनात का वळतो, चुलीवर लाकडी मासा का टांगलाय, शेताच्या कडेची तार कशासाठी. हे कळलं नाही तर तीन तास रान आणि जुनी घरं दिसतात. कळलं तर एवढं सगळं कोणाच्या मेहनतीवर उभं आहे ते दिसतं. माझ्या मते या दिवसाचं खरं मोल तेच आहे.

पूर्वी परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन फिरवायचं तर जपानमध्ये सरकारी परीक्षा पास होणं सक्तीचं होतं. २०१८ पासून ती अट उठली. त्यामुळे वाटाडे पुष्कळ झाले आणि प्रत वर-खाली झाली. सहल ठरवण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. प्रत्यक्ष चालणं किती? ‘मागोमे-त्सुमागो’ अशा नावाच्या काही सहली दोन्ही गावांत तास-पाऊण तास सोडतात आणि मधलं अंतर बसने नेतात, म्हणजे खिंड, जंगल, चहाचं घर सगळं हुकतं. गटात माणसं किती? आठ-दहांच्या वर गेली की अरुंद पायवाटेवर मागच्यांना काही ऐकू येत नाही. वाटाड्या त्या भागातला आहे की टोकियोहून येणारा? आणि जेवण कुठे, ते आधी ठरवता येईल का? या शेवटच्या प्रश्नाकडे आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावं, त्याबद्दल पुढे लिहितो.

दिवस नागोयाहून सुरू करणं सोयीचं. शिनानो एक्सप्रेसने नाकात्सुगावाला पोचायला सुमारे ५० मिनिटं लागतात, साध्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास. स्टेशनसमोरून मागोमेची बस मिळते, ती साधारण अर्ध्या तासात वर नेते. या बसची पद्धत माहीत असावी. चढताना दाराजवळच्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर त्या नंबरासमोर दिसणारे पैसे चिठ्ठीसह पेटीत टाकायचे. मोड चालकाजवळच्या यंत्रात मिळते, पण सहसा फक्त १००० येनच्या नोटेची. दहा हजारांची नोट घेऊन बसलेला प्रवासी सगळ्या बसचा खोळंबा करतो. शहरात सर्रास चालणारं कार्ड डोंगरातल्या बसमध्ये चालेलच असं नाही, तेव्हा सुटे पैसे जवळ हवेतच. वाटेतल्या छोट्या दुकानांतही रोखच उपयोगी पडते.

मोठी बॅग असेल तर ती मागोमेच्या पर्यटन माहिती केंद्रात द्यावी. दोन्ही गावांच्या केंद्रांमध्ये सामान पोचवण्याची व्यवस्था आहे. साधारण मार्च अखेरपासून नोव्हेंबरपर्यंत ती रोज चालते, हिवाळ्यात बंद असते. सकाळी साडेअकराच्या आत दिलेली बॅग दुपारी एकनंतर त्सुमागोला मिळते. एका नगाला १००० येनच्या आसपास पडतात. उशीर झाला तर बॅग घेत नाहीत, आणि चाकांची बॅग दगडी पायवाटेवर ओढत नेणारी माणसं खिंडीच्या निम्म्यावर रडकुंडीला येतात. ही सोय फक्त या दोन गावांपुरती आहे. क्योटोहून टोकियोला जाताना मध्ये इथे उतरत असाल, तर मोठं सामान आदल्या दिवशी कुरिअरने थेट पुढच्या हॉटेलात धाडून पाठीवर लहान पिशवी घेतलेली बरी.

मागोमेपासून सुरुवात करायची की त्सुमागोपासून? मागोमे सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, खिंड ७९० मीटरवर, त्सुमागो ४२० मीटरच्या आसपास. म्हणजे मागोमेहून चढ दोनशे मीटरचा आणि तोही पहिल्या तासात संपतो, पुढे उतारच उतार. उलट्या दिशेने चढ जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून बहुतेक वाटाडे मागोमेहून निघतात. फक्त ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी एक लक्षात ठेवावं, की दम चढणीला लागतो पण गुडघे उतारावर बोलतात. काठी न्यावी. चढ अजिबात नको असेल तर खिंडीच्या माथ्यावर बसचा थांबा आहे, तिथे उतरून उरलेले साडेपाच किलोमीटर चालता येतात.

मागोमे गाव उतरणीवर वसलेलं आहे. दगडी फरसबंदीचा एकच रस्ता सरळ वर जातो आणि दोन्ही बाजूंना दुकानं, खाणावळी, उतरण्याची घरं. खालच्या टोकाजवळ रस्ता अचानक उजव्या-डाव्या हाताला काटकोनात वळतो, शेजारी पाणचक्की फिरत असते. ही वळणं मुद्दाम घातलेली. चाल करून येणाऱ्याला सरळ घुसता येऊ नये म्हणून ठाण्याच्या तोंडाशी रस्ता असा मोडत. मागोमेतली घरं मात्र दिसतात तेवढी जुनी नाहीत. १८९५ आणि १९१५ च्या आगींत गाव बेचिराख झालं, आज दिसतं ते नंतर उभं केलेलं. लाकडी घरांच्या या प्रदेशात आगीची धास्ती किती खोल आहे ते यावरून कळावं. रस्त्यावर सिगारेट पेटवू नका असं वाटाड्या सांगतो, ते शिस्तीच्या हौसेपायी नव्हे. कादंबरीकार शिमाझाकी तोसोन १८७२ मध्ये याच गावात, सरदारांच्या उताऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या घराण्यात जन्मला. त्याचं स्मारक-संग्रहालय रस्त्यालगत आहे. ते नीट बघायचं तर तास हवा, आणि चालायच्या दिवशी तेवढा तास नसतो.

इथेच थोडं खाऊन घ्यावं. साडेदहाला भूक नसते हे खरं, पण पुढे तीन तास पोटभर जेवणाची जागा नाही, आणि त्सुमागोतल्या सोबाच्या (कुट्टूच्या पिठाच्या शेवयांच्या) खाणावळी दुपारी दोन-अडीचला आवरायला लागतात. मागोमेत रेंगाळलेले गट पावणेतीनला त्सुमागोत पोचतात आणि बंद दारं बघतात. त्यावर उपाय म्हणजे गोहेई-मोची. ताजा, गरम भात अर्धवट कुटायचा, इतकाच की काही शितं अख्खी राहावीत. त्याचे गोळे करून काडीला घट्ट थापायचे. या गावांत तीन गोळ्यांची काडी असते, दुसरीकडे चपट्या पादत्राणाच्या आकाराची. मग आधी नुसताच भात निखाऱ्यावर धरायचा. वरची बाजू कोरडी होऊन तिला पापुद्रा आला, की अक्रोड, तीळ, सोया सॉस किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) आणि साखर वाटून केलेला रस लावायचा आणि परत भाजायचं. रस आधी लावला तर साखर करपते आणि ओला भात काडीवरून गळून निखाऱ्यात पडतो. नीट जमलेल्या काडीचा वास चार घरं आधी येतो. सप्टेंबरपासून पुढे गेलात तर नाकात्सुगावाचा कुरी-किन्तोन चुकवू नका. उकडलेलं चेस्टनट आणि साखर, बाकी काही नाही, कापडात पिळून दिलेला आकार.

शाकाहारी माणसासाठी या दिवसातला खरा अडसर मांस नसून दाशी आहे. दाशी म्हणजे बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. सोबाच्या रसात, भाजीच्या रश्श्यात, मिसो सूपमध्ये, कित्येकदा लोणच्यातही ते असतं. ‘शाकाहारी’ एवढंच सांगितलं तर दुकानदार मासळीचे तुकडे काढून देतो आणि त्याच पाण्यात शिजवलेलं पान मनापासून पुढे करतो. त्याला ते खटकत नाही, कारण दाशी त्याच्या लेखी चवीचा पाया आहे. म्हणून वाटाड्याला आदल्या दिवशीच सांगावं, की खाणावळीला फोन करून दाशीशिवाय काय मिळेल ते विचार. थंड सोबा नुसत्या सोया सॉसबरोबर बहुतेक ठिकाणी मिळू शकतो. गोहेई-मोचीच्या रसातही दाशी नाही ना, हे विचारून घ्यावं. काटेकोर पाळणाऱ्यांनी दशम्या किंवा ठेपले सोबत ठेवावेत. खिंडीवर बसून खाता येतात. मात्र कागद, पिशवी, सालं सगळं परत न्यायचं. वाटेवर कचरापेटी नाही.

मागोमेच्या वरच्या टोकाला जुन्या सरकारी हुकमांचा फलक आहे आणि त्याच्याजवळ मोकळी जागा, जिथून २१९१ मीटर उंचीचा एना डोंगर समोर येतो. इथून पुढे वाट शेतांच्या कडेने चढते आणि मोटाररस्ता अधूनमधून ओलांडते. वळणावर गाड्या दिसत नाहीत, त्यामुळे वाटाड्या इथे गटाला थांबवून एकदम पलीकडे नेतो.

या टप्प्यातली खाचरं नीट बघण्यासारखी आहेत. मे महिन्यात लावणी, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरात कापणी. डोंगरातलं पाणी थंड असतं आणि भाताच्या मुळांना थंडी सोसत नाही, म्हणून जपानच्या डोंगराळ भागात पाणी थेट खाचरात सोडत नाहीत. कडेच्या चरातून फिरवून, उन्हात जरा कोमट करून मग आत घेतात. खाचराभोवती जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आणि त्याच्यावर तेवढ्याच अंतरावर दुसरी तार दिसते, ती रानडुकरासाठीची विजेची तार. डुक्कर नाक लावून तपासतं, आणि झटका नाकालाच बसावा म्हणून ती उंची. कोकणातल्या भातकऱ्याला हे दुखणं समजावून सांगायची गरज नाही. तारेला हात लावू नये, बांधावर फोटोसाठी चढू नये. ओला बांध एका बुटानेही ढासळतो, आणि तो बांधणारा माणूस बहुधा सत्तरीच्या पुढचा असतो.

खिंडीच्या अलीकडे तोगे नावाची वस्ती लागते. इथले लोक बैलांवरून माल नेत. घोडा वेगवान खरा, पण खडकाळ वाटेवर बैल जास्त भरवशाचा, आणि बैलवाल्याला लांबचा पल्ला एका दमात करता येई. वाटेकडेला कोनाड्यात डोक्यावर घोड्याचं तोंड असलेली कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेची, दगडी मूर्ती दिसली, तर ती वाटेत मेलेल्या आणि राबलेल्या जनावरांच्या स्मरणासाठी असते हे लक्षात ठेवावं. किसोची स्वतःची घोड्याची जात आहे, बुटकी, आखूड पायांची, चढणीला पक्की.

माथा ओलांडला की प्रदेश बदलतो. गिफू प्रांत संपून नागानो सुरू होतो, ऊन संपून जंगल. इथे वाटेवर जागोजागी पितळी घंटा टांगलेल्या आहेत. अस्वलाला माणूस येतोय हे कळावं म्हणून. जोरात वाजवायची, संकोच करायचा नाही. काळं अस्वल माणसाला टाळतं, घात होतो तो वळणावर अचानक गाठ पडल्यावर. जपानमध्ये २०२३-२४ या वर्षात अस्वलांनी दोनशेहून जास्त लोकांना जखमी केलं, त्यामुळे घंटा ही शोभेची वस्तू समजू नये. ऑगस्ट ते ऑक्टोबरात मोठ्या गांधीलमाश्यांचाही त्रास असतो. गडद कपडे आणि अत्तर टाळावं, माशी घोंगावू लागली तर हात न झटकता सावकाश मागे सरावं.

आता जंगलाकडे. किसोची खरी संपत्ती हीच. हिनोकी, सावारा, नेझुको, असुनारो आणि कोयामाकी ही इथली पाच मानाची झाडं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ले आणि शहरं बांधण्यासाठी हे डोंगर इतके ओरबाडले गेले, की पुढे ओवारी संस्थानाने तोडीवर बंदी घातली. ‘झाड एक, मुंडकं एक’ अशी तेव्हाची म्हण आहे. घरामागचा हिनोकीही शेतकऱ्याला तोडता येत नसे. वाटेवरच इचिकोकुतोची इथे लाकडाची चौकी होती, १७४९ पासून १८६९ पर्यंत. जाणाऱ्याच्या ओझ्यातल्या फांदीवरसुद्धा परवानगीचा डाग दिलेला आहे का, हे तिथे तपासत.

हिनोकी आणि सावारा दुरून सारखेच दिसतात, आणि इथे चांगला वाटाड्या गळून पडलेली डहाळी उचलून हातात देतो. पान उलटं करायचं. चपट्या खवल्यांच्या सांध्यात पांढऱ्या रेषा दिसतात. त्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या असतील तर हिनोकी, ‘एक्स’सारख्या असतील तर सावारा, आणि ठसठशीत रुंद ‘डब्ल्यू’ असेल तर असुनारो. डोळे बारीक करावे लागतात, पण एकदा दिसलं की पुढची सगळी वाट माणसं डहाळ्या उलटून बघत चालतात. मग चोळून वास घ्यायचा. हिनोकीचा लिंबाच्या अंगाने जाणारा गोडसर वास सावाऱ्याला येत नाही. लाकडाचा उपयोगही त्याप्रमाणे ठरलेला. हिनोकी घर आणि देवळांसाठी, सावारा भात ठेवायच्या आणि पाण्याच्या लाकडी भांड्यांसाठी, कारण त्याला वास कमी. इसे इथलं शिंतो देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, पुढची खेप २०३३ मध्ये. त्यासाठी लागणाऱ्या लाकडाच्या तोडीचा पहिला विधी जून २०२५ मध्ये याच खोऱ्यातल्या आगेमात्सुच्या जंगलात झाला. तिथे झाड करवतीने पाडत नाहीत. बुंध्याला तीन बाजूंनी कुऱ्हाडीने आरपार पोकळी पाडून तीन पाय ठेवतात आणि शेवटी एक पाय तोडतात. त्यामुळे झाड ठरवलेल्या दिशेला पडतं आणि गाभा चिरत नाही.

ज्यांना परागकणांचा त्रास होतो त्यांनी फेब्रुवारी अखेर ते एप्रिल या वाटेवर मास्क लावावा. सुगी नावाचं सूचिपर्णी झाड आधी आणि हिनोकी नंतर, असे दोघेही पाळीपाळीने त्रास देतात.

चौकीच्या जागेशेजारी जुनं चहाचं घर आहे. गावचे स्वयंसेवक ते चालवतात, चहा फुकट असतो, पेटीत मनाला येईल ते टाकायचं. आत मातीची जमीन, पुढे उंच लाकडी ओटा आणि मध्ये चौकोनी इरोरी, म्हणजे जमिनीतच केलेली चूल. छतापासून बांबूची नळी खाली येते, तिच्यातून लोखंडी आकडा, आकड्याला काळी किटली. नळीला आडवा लाकडी मासा अडकवलेला असतो. तो तिरपा झाला की दोर आवळतो आणि आकडा आहे तिथे थांबतो, हलक्या हाताने सरळ केला की किटली वर-खाली करता येते. म्हणजे आच वाढवायची-कमी करायची नाही, भांडंच हलवायचं. आणि मासा अशासाठी, की तो पाण्यातला, आगीवर पहारा ठेवणारा. धुराला वाट म्हणून छत उघडंच असतं. तुळया काजळीने काळ्या कुळकुळीत झालेल्या दिसतात. धुराने लाकूड कोरडं राहतं आणि कीड लागत नाही. रोजची चूल बंद पडली की असं घर काही वर्षांत पोखरायला लागतं, म्हणून उन्हाळ्यातही इथे जाळ असतो. घाई करणारे गट इथे पाच मिनिटं थांबतात. वीस मिनिटं द्यावीत.

पुढे उतार लागतो. दगडी फरसबंदीचे तुकडे, लाकडी पूल आणि निम्म्या वाटेवर दोन धबधबे, ओदाकी आणि मेदाकी, नर आणि मादी. घसरण्याचे बहुतेक प्रकार याच उतारावर घडतात. शेवाळलेला दगड, वर सुगीच्या झाडाची ओली पानं आणि धबधब्याचा फोटो काढायची घाई. तळाला खाचा असलेले बूट हवेत, कपड्याचे सपाट बूट इथे दगा देतात. पाऊल दगडाच्या कडेवर न टाकता मधोमध टाकावं. जून ते जुलै मध्यापर्यंत पावसाळी हंगाम असतो. त्या काळात छत्रीपेक्षा अंगावरचा रेनकोट बरा, म्हणजे हात मोकळे राहतात. जानेवारी-फेब्रुवारीत फरसबंदीवर बर्फ गोठतो, तेव्हा बुटांवर चढवायचे हलके काटे लागतात. पानांच्या रंगासाठी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा चांगला, पण तेव्हा पावणेपाचला सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं. मे आणि ऑक्टोबर सगळ्यात सुखाचे.

एकूण वाट नुसती चालली तर अडीच-तीन तासांची. थांबत, बघत चार तास धरावेत. चांगल्या वाटाड्याची खूण अशी, की तो सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला मागे न ठेवता आपल्या लगेच मागे घेतो. गटाचा वेग त्यावर ठरतो आणि कोणी धापा टाकत नाही.

त्सुमागोत शिरताना लक्षात येतं, की इथे विजेचे खांब नाहीत, जाहिराती नाहीत, सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत मुख्य रस्त्यावर गाड्याही नाहीत. हे आपोआप टिकलेलं नाही. १९११ मध्ये रेल्वे दरीच्या तळाने गेली आणि ठाण्याचा धंदा बुडाला. माणसं शहरात गेली, घरं कलली. १९६८ मध्ये प्रांत सरकारच्या मदतीने दुरुस्ती सुरू झाली आणि वीसहून अधिक घरं सावरली गेली. १९७१ मध्ये गावकऱ्यांनी सनद केली : घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये देशाने जुन्या वस्त्यांच्या जतनाची पहिली यादी केली, तीत त्सुमागो होतं. या सनदेची किंमत आजही घरटी मोजली जाते. खिडकीला अॅल्युमिनियमची चौकट बसवता येत नाही, दुकानाची पाटी हवी तशी लावता येत नाही, दुरुस्तीला लाकूडकाम जाणणारा सुतार शोधावा लागतो. २०२३ च्या सरकारी पाहणीनुसार जपानभर ९० लाख घरं रिकामी आहेत, एकूण घरांच्या १३.८ टक्के. अशा काळात डोंगरातल्या एका गावाने दिवे लागते ठेवले आहेत, ही मला या प्रवासातली सगळ्यात आदराची गोष्ट वाटते. म्हणून उघड्या दारातून आत डोकावू नये, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढू नयेत. इथे माणसं राहतात.

वेळ एकाच घरापुरता असेल तर ओकुया बघावं. दुय्यम सरदारी उताऱ्याचा मान असलेलं हे घर १८७७ मध्ये नव्याने, संपूर्ण हिनोकीत बांधलं. तारखेला अर्थ आहे. मेइजी राजवटीत तोडीवरची बंदी उठली, आणि ज्या झाडापायी पूर्वी मुंडकं जायचं त्या झाडाचं घर बांधायची मोकळीक पहिल्यांदाच मिळाली. सकाळी हातात घेतलेली डहाळी आणि इथला पुसून पुसून काळपट चकाकणारा खांब, दोन्ही एकाच झाडाचे. सम्राट मेइजी १८८० च्या दौऱ्यात इथे थांबले होते.

परतीची गाडी नागिसो स्टेशनवरून. त्सुमागोहून बस दहा मिनिटांत पोचवते, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या आहेत, आणि शिनानो एक्सप्रेसही नागिसोला मोजक्याच वेळा थांबते. दोन्ही वेळा सकाळीच लिहून ठेवाव्यात, परतीच्या गाडीवरूनच दिवस उलटा आखावा. बस चुकली तर तासाभराची पायवाट आहे. गाडीला अवकाश असेल तर स्टेशनजवळचा मोमोसुके पूल बघावा. किसो नदीवरचा २४७ मीटरचा लाकडी झुलता पूल, उद्योगपती फुकुझावा मोमोसुकेने वीजकेंद्राच्या बांधकामाचं साहित्य नेण्यासाठी १९२२ मध्ये बांधलेला. जाऊन येऊन अर्धा तास पुरतो. एक्सप्रेस नागिसोला क्षणभरच थांबते, तेव्हा गाडीच्या दहा मिनिटं आधी फलाटावर परत यावं.